शेषगिरीला सुचलेल्या चाली

पावनीच्या कॉलेजचा वार्षिक दिवस भाषणांमुळे लांबला होता. हुणसूर रस्त्यावर, येलवालच्या थोडं अलीकडे ते कॉलेज. मागे नारळांची बाग, पुढे मैदान, आणि मैदानात पत्र्याचा मांडव. दुपारच्या उन्हात पत्रा मधूनच कडकड वाजत होता. श्रीविद्या तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मुलीकडे बघत होती. कार्यक्रमाचं निवेदन पावनीकडे होतं. इंग्रजीतून कन्नडात आणि कन्नडातून इंग्रजीत ती अशी काही सहज उड्या मारत होती, की श्रीविद्याला मनातून फार बरं वाटत होतं.

श्रीविद्या मुलींच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. योगायोग ही मोजता येणारी गोष्ट आहे, हे ती दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्याच तासाला सांगत असे.

"आणि आता आपल्या मैसूरचे बेसिस्ट, मिस्टर शेषगिरी!" पावनीने पुकारलं.

पन्नाशीचा, ठेंगणा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेला माणूस स्टेजवर आला. देवराज मोहल्ल्यात त्याचं शिंप्याचं दुकान होतं आणि गावातले निम्मे वाद्यवृंद त्याच्याशिवाय उभे राहत नसत, असं पावनीने सांगितलं. त्याने बेस गिटारचा पट्टा गळ्यात अडकवला, अॅम्प्लिफायरचं बटण फिरवलं आणि कुणाकडे न बघता वाजवायला सुरुवात केली.

पहिला सूर श्रीविद्याला कानांआधी खुर्चीतून कळला. दुसरा आला, तिसरा आला, आणि चौथा कोणता येणार हे तिला ठाऊक होतं.

तो तोच आला.

ती चाल तिची होती. लक्ष्मीपुरमच्या माहेरच्या घरात, मागच्या खोलीत, खिडकीपाशी बसून तिने ती बांधली होती. बांधली त्याच दिवशी गिटार विकली होती. ती चाल तिने कुणाला ऐकवली नव्हती, कुठे रेकॉर्ड केली नव्हती. तिने मान उंचावून स्टेजवरच्या गिटारकडे नीट पाहिलं. लाल रंग उडून विटकरी झाला होता. गळा मात्र तसाच होता: काळसर, सपाट, आणि त्यावर फिकट आडव्या रेघा. सातव्या रेघेपाशी लाकडाचा एक टवका उडालेला होता. तिथे भुसा आणि सरस भरून केलेला ठिपका उजेडात स्पष्ट दिसत होता.

तो ठिपका तिने स्वतः भरला होता.

ही गिटार श्रीविद्याने घेतली तेव्हा तिच्या गळ्यावर इतर गिटारींसारख्याच धातूच्या पट्ट्या होत्या. त्या पट्ट्यांमुळे सूर जागच्या जागी पक्का लागतो. श्रीविद्याला तो तसा नको होता. शेजारच्या घरात सकाळ-संध्याकाळ वीणा चालायची. एका सुरावरून दुसऱ्यावर घरंगळत जाणं तिच्या कानात बसलं होतं. एके दिवशी तिने पक्कड घेतली आणि एकेक पट्टी उपटून काढली. खाचांत लांबी भरली. सातव्या पट्टीला जोर जास्त लागला आणि टवका उडाला.

ती तेव्हा एका बँडमध्ये वाजवायची. त्यातली बाकीची तिघं म्हणाली, "वाट लावलीस."

"सुधारली," ती म्हणाली होती.

नोकरी लागली, लग्न ठरलं, तशी तिने ती सयाजीराव रस्त्यावरच्या एका दुकानात विकून टाकली. "पुरे झालं आता," असं सगळ्यांना सांगितलं. कुणी हळहळलं तर तिला राग यायचा. मात्र एक गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. गिटार हातातून गेली त्या दिवसापासून तिला नवीन काही सुचणंच बंद झालं. आधी अंघोळ करताना, बसची वाट बघताना, पोळ्या लाटताना चाली यायच्या. नंतर एकही नाही. संसार, नोकरी, वय, अशी कारणं तिने स्वतःला देऊन पाहिली होती. कारणं पटण्यासारखी होती. तरी एखाद्या निवांत दुपारी तिला वाटायचं, आपण लाकूड विकायला गेलो आणि भलतंच काही देऊन आलो.

कार्यक्रम संपल्यावर ती मांडवामागे गेली. शेषगिरी वायर गुंडाळत होता.

"छान वाजवलंत," ती मराठीतून म्हणाली. देवराज मोहल्ल्यातले बरेच शिंपी घरी मराठी बोलतात, हे तिला ठाऊक होतं. "कुणाची चाल?"

"आमचीच की, मॅडम." त्याने छाती किंचित पुढे काढली. "मी दुसऱ्याचं वाजवत नाही. हे सगळं स्वतःचं."

"ही गिटार माझी होती."

तो वायर गुंडाळायचा थांबला. "म्हणजे पट्ट्या तुम्ही काढल्या?"

"हो."

"अय्यो, केवढं नाजूक काम केलंत! मी कितीजणांना विचारलं, कुणी काढल्या असतील म्हणून." त्याने हात जोडले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू जरा कमी झालं. "काही बोलायचंय काय?"

"बोलायचंय. पण इथे नको."

"मग शनिवारी दुकानात या. माझ्याकडे अशा पुष्कळ आहेत. सगळ्या ऐकवतो."

घरी जाताना गाडीत पावनी म्हणाली, "अम्मा, ते अंकल सक्कत, एकदम भारी वाजवतात ना?"

"हो," श्रीविद्या म्हणाली. त्या क्षणी तिच्या मनात भीती अजिबात नव्हती. राग होता, आणि रागाखाली, तिला स्वतःलाही आवडू नये इतका, अभिमान होता. एवढ्या मोठ्या मांडवात लोक गप्प बसले होते, ते तिच्या चालीसाठी.

शनिवारी दुपारी ती मार्केटला वळसा घालून देवराज मोहल्ल्यात पोचली. शाळा सुरू व्हायचे दिवस होते. दुकानात गणवेशांचे ढीग लागले होते आणि शिलाई मशीनची अख्खी रांग एका दमात चालू होती. तेलाचा, नव्या कापडाचा आणि इस्त्रीच्या वाफेचा वास कोंदला होता. दाराशी शेषगिरीची आई सोयराबाई काज करत बसली होती. गळ्यात तुळशीची माळ, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा.

"ये ग ताई. त्यो तुझीच वाट बघायलाय सकाळपासनं," ती म्हणाली. "वरती जा. दोरी धरून चढ, पायऱ्या उभ्या हायत."

जिना लाकडी होता, शिडीपेक्षा थोडाच रुंद. कठड्याच्या जागी भिंतीला जाड दोर बांधला होता.

वरच्या खोलीत एक सतरंजी, एक स्टूल, अॅम्प्लिफायर आणि ती गिटार होती. विठोबाच्या तसबिरीला ताजी तुळस वाहिलेली होती. खालच्या मशीनांचा थरथराट फळ्यांमधून तळपायांना लागत होता.

श्रीविद्याने बसता बसताच विषय काढला. "परवा वाजवलीत ती चाल माझी आहे."

शेषगिरीचा चेहरा बदलला. "मॅडम, गिटार तुमची होती, मान्य. चाल माझी. सयाजीराव रस्त्यावरच्या दुकानात ही आली त्याच आठवड्यात घरी आणली; त्या दिवशी तिथं खिडकीत बसलो, आणि चाल आली."

"तुम्ही अर्धीच वाजवलीत. पुढचा भाग मी वाजवू?"

त्याने गिटार तिच्या हातात दिली. ती जड होती. हे वजन तिची मांडी विसरली नव्हती. बोटांची टोकं मात्र मऊ पडली होती, तार झोंबली. तिने डोळे मिटले आणि चालीचा उत्तरार्ध वाजवला. मधे दोनदा अडखळली, पण शेवटपर्यंत नेली.

शेषगिरी तिच्याकडे बघतच राहिला.

"हा भाग मी बाहेर कधीच वाजवला नाही," तो हळू म्हणाला. "तुळसी सोडून कुणी ऐकलेला नाही." तुळसी त्याची बायको.

"मी सांगितलं ना."

 मग त्याने गिटार परत घेतली, तीही अशी, जणू कुणी लेकरू मागायला आलंय. "एक सांगतो. मधे मी हिला परत पट्ट्या बसवल्या होत्या. बेंगळूरुला नेऊन. सगळे म्हणायचे, सूर पक्का लागेल. लागला. पण एक चाल आली नाही. मुकी झाली बघा. शेवटी ज्या हातानं बसवल्या त्याच हातानं उपटल्या. पुढं एकदा विकलीसुद्धा, बैलकुप्पेच्या एका तिबेटी पोराला, त्यांचा बँड आहे तिथं. झोपच येईना. बस पकडून गेलो आणि परत मागून आणली. तेव्हा हिची काळजी मीच घेतली, मॅडम. ही एक चाल तुमची असेल. पण बाकीच्या माझ्या. ही ऐका. ही तर तुमची नसेल."

तो वाजवू लागला. चाल उडती होती. मधेच ती खुदकन हसल्यासारखी वर जायची आणि परत गुपचूप खाली येऊन बसायची. ही तिने कधीच बांधली नव्हती. तरीही प्रत्येक वळणावर तिची बोटं मांडीवर आधीच वळत होती. घरंगळण्याची रीत तिची होती. सम चुकवून मागाहून गाठण्याची खोड तिची होती.

"हिचं नाव?" तिने विचारलं.

तो ओशाळून हसला. "परवा कॉलेजात त्या मुलीचं नाव ऐकलं आणि हसूच आलं मला. हिचं नाव पावनी."

"नाव कुणावरून ठेवलंत?"

"कुणावरून नाही. आमच्यात या नावाचं कुणीच नाही. चालीबरोबरच आलं."

"कधी आली?"

"गिटार आणली त्याच्या पुढच्या वर्षी. दुकानाला पत्रे घातले तेव्हा."

 गिटार विकली त्याच्या पुढच्या वर्षी श्रीविद्याला मूल हवं की नाही, हेही ठरलं नव्हतं. पावनी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी झाली. ती परवा निवेदन करणारी मुलगी आपली, हे तिने त्याला सांगितलं नाही.

योगायोग, तिने मनाशी म्हटलं. नावं मोजकीच असतात, माणसं पुष्कळ.

"आणखी एक," ती म्हणाली.

त्याने दुसरी घेतली. ही संथ होती. एक लांब सूर, एक आखूड, आणि मग तार आडवी तोडल्यासारखा कोरडा ठोका. लांब, आखूड, ठक. लांब, आखूड, ठक. ही लय तिच्या ओळखीची होती. श्रीनिवासराव, तिचे वडील, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर अंगणात पडले होते. खुबा मोडला. त्यानंतर जाईपर्यंत ते लक्ष्मीपुरमच्या लाल फरशीवरून काठी टेकत असेच चालायचे. ती माहेरी गेली की स्वयंपाकघरातून ऐकायची आणि ते कुठवर आले हे तिला कळायचं. देवघर, मधली खोली, पडवी.

चालसुद्धा तशीच सरकत होती. पडवीपाशी ते जरा थांबायचे, दम घ्यायचे. चाल तिथे थांबली.

"ही कधीची?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"तुळसीशी लग्न ठरलं त्या साली. पत्रे घातले त्याच्या पुढच्याच वर्षी."

वडील पडले ते त्याच्या नंतर. पुष्कळ नंतर.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. खाली मशीनं चालूच होती. सगळं जिथल्या तिथे होतं. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर उठून गेली असती. श्रीविद्या उठली नाही. तिला एकदम कळलं होतं की सुचणं कधी बंद झालंच नव्हतं. जे तिच्याकडे यायचं ते इथे आलं होतं, या खोलीत, या लाकडात, आणि एका परक्या माणसाने त्यातलं एकही वाया जाऊ दिलं नव्हतं. एवढी वर्षं ती स्वतःला वांझ समजत आली होती. तिचा ऊर भरून आला. तिने पाठ ताठ केली.

"सगळ्या वाजवा," ती म्हणाली.

त्याने वाजवल्या. त्याचा वाद घालायचा सूर केव्हाच मावळला होता. मधूनच तो तिच्या मांडीवर चालणाऱ्या बोटांकडे बघायचा आणि पटकन नजर काढून घ्यायचा. एकीत तिला आपलं पहिलं भाड्याचं घर ऐकू आलं, एकीत कोविडमधले ते सुनसान रस्ते. कुठल्या चाली कधीच्या, हे विचारायचं तिने सोडून दिलं. त्या सुंदर होत्या. काही तर तिच्या ऐपतीपेक्षाही सुंदर होत्या, आणि तरी तिच्याच होत्या.

"शेवटची?" तिने विचारलं.

शेषगिरीने तारांवर तळवा ठेवला. "ती राहू दे, मॅडम."

"का?"

"अर्धी आहे. आजवर एकही अशी अर्धी राहिली नव्हती. संक्रांतीपासून धडपडतोय. पुढं येतच नाही."

"आहे तेवढी वाजवा."

त्याने मान खाली घातली आणि सुरुवात केली.

आधी तिला वाटलं, खालच्या मशीनांचाच आवाज येतोय. बारीक, सलग, टाक्यांसारखे सूर. फळ्यांतला थरथराट कुठे संपतो आणि गिटार कुठे सुरू होते, ते तिला वेगळं करता येईना. मग त्या टाक्यांवरून एक सुरावट उठली. ती मान वर करून आली, घाई न करता, सगळं आपलंच असल्यासारखी. श्रीविद्याने आयुष्यात इतकं चांगलं काही ऐकलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही.

मग खालचे टाके विरळ झाले. एक धागा गळला. दुसरा गळला. एकही उरला नाही.

त्या शांततेत जाड तारेवरचे सूर खाली येऊ लागले. एकेक, जपून, प्रत्येकावर पूर्ण भार टाकून. एक खाली. आणखी एक खाली. आणखी एक.

आणि दोन सुरांच्या मधेच, पाय उचललाय पण टेकला नाही असं, ते थांबलं.

शेषगिरीचं बोट तारेच्या वर तसंच अधांतरी राहिलं होतं.

"इथून पुढं नाही," तो म्हणाला.

"हिच्यानंतर दुसरी कुठली?"

"नाही आली." तो तिच्याकडे बघत नव्हता. "मॅडम, चहा घेऊन जा. तुळसी येईलच इतक्यात. जरा बसा."

"हीच सगळ्यात चांगली आहे," श्रीविद्या म्हणाली.

"गिटार घेऊन जायची असेल तर घेऊन जा. मी नाही म्हणणार नाही."

ती हसली. तेच मागायला ती आली होती. "ती इथेच असू दे. चालींना माझं नावही लावू नका. फक्त स्टेजवर एवढं सांगत जा, की पट्ट्या कुणी काढल्या."

"सांगेन," तो म्हणाला. "शपथेवर सांगेन."

तिने पर्स खांद्याला लावली, पदर नीट केला आणि जिन्याच्या तोंडाशी आली. खाली मशीनांची रांग एका दमात चालली होती. तिने भिंतीवरचा दोर घट्ट धरला.

"मॅडम," मागून शेषगिरी म्हणाला, "सावकाश हं."

खाली एक मशीन थांबलं.

चहाची वेळ झाली असेल, तिने मनाशी म्हटलं. दुसरं थांबलं. मग एकेक करत सगळीच.

दुकान चिडीचूप झालं. सोयराबाईने काजावरून मान वर करून जिन्याकडे पाहिलं.

श्रीविद्या क्षणभर तिथेच उभी राहिली. मग मान ताठ ठेवून तिने पाऊल खाली टाकलं. पायरीचं लाकूड भाराने दबून वाजलं.

अर्ध्या राहिलेल्या चालीतला तो सूर तिने ओळखला.